किरणांचा हिशेब कोणाच्या वहीत?

खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीच्या उत्तरेचे गाव एके काळी बाजरी आणि कांद्यावर जगत होते. चाकण औद्योगिक क्षेत्राचे टप्पे एकामागून एक वाढत गेले, २००९ साली फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग महिंद्राचा आला, आणि आता या गावाच्या शिवारात मोटारी पिकतात. मोटारींच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत आत कोठे पोकळी राहिली आहे काय, हे क्ष-किरणांनी तपासण्याची पद्धत मोटारधंद्यात सर्वत्र रूढ आहे. तो भाग शिशाच्या कपाटात जातो, दार पक्के लागल्याखेरीज किरण सुरू होत नाहीत आणि कामगार बाहेर उभा राहून पडद्यावर चित्र पाहतो. ही व्यवस्था मालकांच्या दयाबुद्धीतून उपजलेली नाही. किरणांनी माणसाचे काय होते हे कळायला बरीच माणसे खर्ची पडली, आणि मग नियम झाला.

याच कारखान्यातील कामगाराच्या छातीत एखाद्या रात्रपाळीला कळ येते. भारतीय माणसाला हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो असे वैद्यक सांगते. तेव्हा हा कामगार पुष्कळदा चाळिशीच्या आसपासचा असतो. चाकणच्या वाहतुकीच्या कोंडीतून वाट काढीत त्याला पिंपरी-चिंचवडच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात नेले जाते आणि कॅथलॅब नावाच्या खोलीत टेबलावर निजवले जाते. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयाच्या धमनीपर्यंत सरकवली जाते, फुगा फुगवून अडथळा दूर केला जातो, धातूची जाळी बसवली जाते. हे सारे आंधळेपणाने करता येत नाही. नळी कोठे पोचली हे क्ष-किरणांच्या चित्रावर सतत पाहावे लागते. किरण तेच, पण येथे मांडणी उलटी आहे. धातूचा तुकडा तपासणारा माणूस कपाटाबाहेर उभा असतो आणि माणसाला वाचवणारी माणसे कपाटाच्या आत. डॉक्टर, त्याचा सहायक, परिचारिका, तंत्रज्ञ आणि टेबलापाशी रुग्णाला धरणारा वॉर्डबॉय, या सर्वांचे रोजचे काम किरण चालू असताना त्या खोलीत उभे राहण्याचे आहे.

हात रुग्णाच्या अंगावर ठेवल्याशिवाय हे काम होत नाही, हे खरे. म्हणून काही किरण अटळ आहेत. प्रश्न असा की, जे अंगावर घेतले जातात त्यांतले अटळ किती आणि केवळ दुर्लक्षामुळे किंवा घाईमुळे घेतले जाणारे किती?

आधी रुग्णाविषयी, कारण या विषयावर बोलू लागले की भीती प्रथम त्याच्या घरात शिरते. साध्या अँजिओग्राफीत रुग्णाला सुमारे ७ आणि अँजिओप्लास्टीत सुमारे १५ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. पृथ्वीवर राहणाऱ्या कोणाही माणसाला माती, हवा आणि आकाशातून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पंधरा मिलिसिव्हर्टमुळे पुढे आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी वाढते असे प्रचलित गणित आहे. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली धमनी तासाभरात उघडणे म्हणजे जीव वाचवणे. तेथे या हिशेबाने कचरणे हा शुद्ध वेडेपणा होईल. फार लांबलेल्या, गुंतागुंतीच्या प्रक्रियेत एकाच जागी किरण पडून पाठीच्या कातडीला भाजल्यासारखी इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ सालीच त्याबद्दल इशारा दिला होता. कातडीवरची मात्रा ५ ग्रेच्या पुढे गेली तर रुग्णाला तसे सांगावे आणि काही आठवड्यांनी त्याची पाठ पाहावी, इतकी काळजी त्याला पुरेशी आहे.

रुग्ण त्या खोलीत आयुष्यात एकदा, फार तर दोन-तीनदा येतो. तंत्रज्ञ रोज येतो, आणि वीस वर्षे येतो.

त्याच्या अंगावर येणारे किरण थेट नळीतून येत नाहीत, रुग्णाच्या शरीरावर आपटून चहूकडे विखुरलेले येतात. रुग्णाचे शरीर हाच त्याच्या दृष्टीने किरणांचा उगम होय. त्यामुळे अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण ठरते: अर्ध्या मीटरवरून एक मीटरवर सरकले की मात्रा साधारण चौथाईवर येते. अंगात घालायचा शिशाचा एप्रन अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असला तर विखुरलेले किरण नव्वद टक्क्यांहून अधिक अडवतो. त्याचे वजन पाच ते सात किलो भरते, आणि दिवसभर तो अंगावर वागवून पाठ व मान दुखणे हा या धंद्याचा दुसरा रोग आहे. डोके, डोळे आणि हात मात्र एप्रनच्या बाहेरच राहतात.

डोळ्यांविषयी आता शंका उरलेली नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००८ पासून या क्षेत्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांचे डोळे तपासण्याचा उपक्रम हाती घेतला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका पाहणीत हृदयतज्ज्ञांपैकी ३८ टक्क्यांच्या आणि परिचारिका-तंत्रज्ञांपैकी २१ टक्क्यांच्या डोळ्यांतील भिंगाच्या मागच्या भागात धूसरपणा आढळला. किरणांशी संबंध नसलेल्या लोकांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०११ साली किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून एकदम २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली. मर्यादा इतक्या मोठ्या उडीने खाली येते तेव्हा तिचा अर्थ एवढाच की आधीची कित्येक वर्षे कोणाचे तरी डोळे फुकट गेले. मेंदूच्या गाठींबाबत पुरावा अजून कच्चा आहे. इस्रायलचे डॉ. एरियल रोगिन यांनी २०१३ साली या कामातील डॉक्टरांच्या डोक्या-मानेच्या ३१ गाठींची नोंद प्रसिद्ध केली. ज्या २६ गाठींची बाजू ठाऊक होती त्यांतील २२ डावीकडच्या होत्या, आणि डॉक्टर टेबलापाशी उभा राहतो तो रुग्णाकडे आपली डावी बाजू करून. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण सिद्ध होईपर्यंत कर्मचाऱ्यांनी शरीर उघडे ठेवून वाट पाहावी, ही मागणी फक्त तेच करू शकतात ज्यांना त्या खोलीत उभे राहायचे नसते.

या बाबतीत इतिहास बोलका आहे. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, आणि नऊच वर्षांत, १९०४ साली, एडिसनच्या कार्यशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली हातांचे अवयव एकेक गमावून मरण पावला. एडिसनने स्वतः किरणांचा नाद सोडला. हँबर्गमध्ये १९३६ साली या किरणांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभे राहिले तेव्हा त्यावर १६९ नावे कोरली गेली. न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करायला सांगितले जात असे. त्याच कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ मात्र शिशाच्या आडोशाने काम करीत. १९२८ साली त्यातील पाच जणींना तडजोडीची भरपाई मिळाली, तोवर त्यांची हाडे पोखरली गेली होती. धोका कोणाला ठाऊक होता आणि कोणाला नव्हता, यावरून त्या कारखान्यातील वर्ग ओळखता येत होते.

कॅथलॅबमधले चित्र इतके सरळ नाही, आणि ते तसे रंगवणे अन्यायाचे होईल. येथे सर्वाधिक किरण घेणारा डॉक्टरच असतो, कारण तोच टेबलाच्या सर्वांत जवळ उभा असतो. पण किरण सुरू करणारे पेडल त्याच्या पायाखाली आहे. परिचारिका औषध द्यायला पुढे येते तेव्हा पाय उचलायचा की नाही हे तोच ठरवतो. ज्याच्या पायाखाली पेडल आहे त्याला प्रत्येक प्रक्रियेमागे मोबदला मिळतो. बाकीच्यांना ठरलेला पगार, आणि तोही अनेकदा कंत्राटदारामार्फत. सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा तंत्रज्ञ मोठ्या डॉक्टरांना “साहेब, जरा पाय काढा” असे म्हणेल, ही अपेक्षा करणाऱ्याने आपल्याकडची रुग्णालये पाहिलेली नाहीत.

उपायांत गूढ असे काही नाही. पडद्याकडे नजर नसेल तेव्हा पायही पेडलवर नसावा. सेकंदाला पंधरा चित्रांऐवजी साडेसात घेतली तर मात्रा जवळजवळ निम्म्यावर येते आणि बहुतेक कामाला ती पुरतात. कायम नोंदीसाठी घ्यायचे चित्रण साध्या पाहण्याच्या दहापट किरण खाते, म्हणून ते मोजकेच घ्यावे, आणि ते घेताना ज्याचे टेबलाशी काम नाही त्याने दोन पावले मागे जावे. चित्र टिपणारी तबकडी रुग्णाच्या छातीच्या शक्य तितकी जवळ असावी, किरणांची खिडकी गरजेपुरतीच उघडी असावी, तिरपे कोन लागतील तितकेच घ्यावेत. छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल आणि टेबलाखालचा शिशाचा पडदा ही दोन साधने रोज वापरली तर विखुरलेल्या किरणांचा फार मोठा भाग तेथेच थांबतो. गळ्याचा पट्टा आणि शिशाचा चष्मा हे त्यानंतरचे. ज्या खोलीत काही कोटी रुपयांचे यंत्र बसवले जाते तेथे चष्म्याचा खर्च जड जातो, हे अर्थशास्त्रातले कोडे नव्हे. यंत्र उत्पन्न देते. चष्मा देत नाही.

कायद्यात उणीव आहे असेही म्हणता येणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याची कचेरी मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. किरणसंरक्षणाचे नियम २००४ साली झाले, कॅथलॅब चालवायला परवाना लागतो, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. किरणांशी काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०. आंतरराष्ट्रीय आयोगाने एका वर्षात ५० पर्यंत मुभा दिली आहे, म्हणजे कागदावर आपण जगापेक्षा कडक आहोत. मात्रा मोजण्यासाठी प्रत्येकाला छातीवर लावायचा बिल्ला मिळतो. त्यातील कॅल्शियम सल्फेटच्या चकत्यांचे तंत्र तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच विकसित केले. दर तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो आणि किती किरण लागले याचा आकडा येतो.

घोटाळा या बिल्ल्यापाशीच आहे. तो एप्रनच्या आत लावायचा असतो, म्हणून झाकलेल्या छातीचे बरे वर्तमान तो सांगतो. उघड्या डोळ्यांबद्दल तो मुका असतो. त्यासाठी एप्रनच्या बाहेर गळ्यापाशी दुसरा बिल्ला हवा, आणि जगातील तज्ज्ञसंस्था तेच सांगत आल्या आहेत. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे बिल्ला खुंटीवर टांगून कामावर जाण्याची सवय, जी जगभरच्या कॅथलॅबमध्ये आढळली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ निष्काळजीपणा वाटतो. पण आकडा वाढला तर चौकशी होणार, चौकशी झाली तर माणसाला त्या खोलीतून हलवणार, आणि हलवले की त्या कामाचा भत्ता जाणार किंवा कंत्राटच संपणार, असे असेल तर कोणता शहाणा माणूस आपल्याविरुद्ध साक्ष देणारा बिल्ला छातीवर मिरवील? गर्भवती परिचारिकेची अडचण याहून बिकट. गर्भ राहिल्याचे कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये असा दंडक आहे. तो उत्तम आहे. पण बदललेल्या कामाचा पगार तोच राहील याची हमी त्याला जोडलेली नसेल, तर ती बाई तीन-चार महिने बातमी दडवून ठेवील, आणि नेमके तेच महिने गर्भाच्या दृष्टीने नाजूक असतात. वेतनाचे संरक्षण नसेल तर किरणांपासूनचे संरक्षण कागदावरच राहते, एवढी साधी गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या कामातील धोक्यांची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला. निघोज्याच्या कामगाराला तो हक्क मिळाला. त्याचा जीव वाचवणाऱ्या तंत्रज्ञाला मिळाला नाही, कारण रुग्णालय हा कारखाना नव्हता. आजची मोठी रुग्णालये प्रक्रियांची रोजची संख्या, प्रत्येकीचा वेळ आणि प्रत्येकीचे उत्पन्न कारखान्याच्या काटेकोरपणे मोजतात, हा भाग वेगळा.

मोजायचे ठरवले की सरकारलाही मोजता येते. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या जाळ्यांची किंमत बांधून दिली: साध्या जाळीला ७,२६० रुपये, औषधी लेपाच्या जाळीला २९,६००. तोवर या जाळ्यांवर किती नफा घेतला जात होता याचा तपशीलही प्राधिकरणाने उघड केला. काही ठिकाणी तो साडेसहाशे टक्क्यांच्या घरात होता. तेव्हा या खोलीतल्या धातूचा हिशेब झाला. किरणांचा अजून झालेला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ साली घेतला, तो स्वागतार्हच. पण अशा योजना रुग्णालयाला पैसे देतात ते प्रक्रियेच्या नगामागे. नगावर दाम मिळाले की नग वाढतात आणि प्रत्येक नगावरचा वेळ घटतो, हे भोसरीतल्या कोणाही जॉबवाल्याला सांगावे लागत नाही.

किरण कमी करण्याचा सर्वांत मोठा उपाय ढालीत किंवा चष्म्यात नाही, हे येथेच स्पष्ट होते. अनावश्यक अँजिओप्लास्टी न करणे, हा तो उपाय. झटका आलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. पण दुखणे स्थिर असलेल्या रुग्णांत, काही अपवाद वगळता, जाळी बसवल्याने केवळ औषधोपचारांच्या तुलनेत आयुष्य वाढत नाही, हे २००७ साली ‘करेज’ या आणि २०१९-२० साली ‘इस्किमिया’ या मोठ्या चाचण्यांनी दाखवले. पहिलीत २,२८७ आणि दुसरीत ५,१७९ रुग्ण होते. छातीतले दुखणे जाळीने कमी होते, म्हणून रुग्णाने समजून-उमजून ती स्वीकारली तर कोणाची हरकत नसावी. परंतु भीती घालून विकलेल्या प्रत्येक जाळीपायी रुग्णाचे पैसे जातात आणि खोलीतल्या चार-पाच जणांच्या शरीरात किरणांची भर पडते. दोघांचा तोटा आणि तिसऱ्याचा नफा, हे गणित साम्य म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कामगार चळवळीने यात काय करावे? तिला वाटते त्याहून तिचा हात येथे लांब पोचतो. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य विमा योजनेत येतो. चाकणच्या पट्ट्यातले कंत्राटी कामगार बहुतांशी त्यात आहेत. २०१९ पासून त्याच्या वेतनातील पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के वाटा विमा महामंडळाकडे जातो, आणि हृदयावरच्या अशा उपचारांसाठी महामंडळ बाहेरच्या रुग्णालयांशी करार करते. म्हणजे कामगारवर्ग हा या सेवेचा ठोक ग्राहक आहे. महामंडळावर मालकांच्या बरोबरीने कामगारांचेही दहा प्रतिनिधी बसतात. ठोक ग्राहकाने अटी घालू नयेत असे कोणत्या बाजारशास्त्रात लिहिले आहे?

अट सोपी आहे. प्रत्येक प्रक्रियेच्या अखेरीस रुग्णाला किती मात्रा मिळाली याचा आकडा आजचे यंत्र आपोआप दाखवते. तो आकडा रुग्णाच्या कागदावर आणि रुग्णालयाच्या देयकावर लिहिलेला असल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये. धमनीची चित्रे देयकासोबत मागवता येतात, तर त्याच कागदावर आणखी एक आकडा मागायला शाईखेरीज खर्च नाही. वर्षभराचे आकडे एकत्र आले की कोणते रुग्णालय त्याच कामाला दुप्पट किरण वापरते हे उघड दिसेल, आणि जेथे रुग्णावर दुप्पट पडतात तेथे कर्मचाऱ्यांवरही जवळपास दुप्पट विखुरतात. करारात ढाल, पडदा, चष्मा आणि गळ्यापाशीचा दुसरा बिल्ला यांचा उल्लेख असावा. मर्यादेमुळे किंवा गर्भारपणामुळे काम बदलले तर वेतन व भत्ता कमी होणार नाही, असे कलम असावे. कंत्राटी माणसाच्या बाबतीत त्याची जबाबदारी कंत्राटदारावर न ढकलता रुग्णालयावर असावी.

याने खर्च वाढेल आणि लहान गावांत कॅथलॅब निघणार नाहीत, असा आक्षेप येईल. खेड, जुन्नर, आंबेगावच्या रुग्णाला जवळ उपचार मिळणे निकडीचे आहे, यात वाद नाही. परंतु वर सांगितलेल्या उपायांतील निम्मे तर काही विकत न घेता करता येण्याजोगे आहेत. पाय उचलायला आणि चित्रांची गती कमी करायला निविदा काढावी लागत नाही.

तोपर्यंत कर्मचाऱ्यांनी स्वतः करण्याजोगे एक काम आहे, आणि रुग्णालयांतील संघटनांनी ते या तिमाहीपासूनच हाती घ्यावे. बिल्ला वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नावे क्रमांक असतो, आणि त्याच्या मात्रेची नोंद भाभा केंद्राकडच्या राष्ट्रीय नोंदवहीत होते. पुष्कळ कंत्राटी तंत्रज्ञांना आपला क्रमांकही ठाऊक नसतो; एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेले की मागचा आकडा मागेच राहतो आणि शरीर पुढे जाते. तिमाहीचा अहवाल आला की त्याची प्रत सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी मागून घ्यावी, क्रमांक घरच्या वहीत उतरवावा, आणि नव्या ठिकाणी रुजू होताना नेमणूकपत्रासोबत मागील सर्व मात्रांची नोंद जोडून पोच घ्यावी.